बसणार कोण?

सुट्टीच्या दिवशी कारखान्याचं शटर अर्धंच वर करायचं, ही बाबांची रीत काकांनी अजून मोडली नव्हती. पूर्ण वर केलं की गिऱ्हाईक येतं, अर्धं केलं की घरचेच येतात, असं बाबा म्हणत. त्या सकाळीही घरचेच आले, एकेक करून कमरेत वाकून. आधी धाकटा, मग थर्मास सांभाळत त्याची बायको, मग आई. सगळ्यांत शेवटी थोरली, पहाटेच्या गाडीने आलेली, खांद्यावरची पिशवीही न उतरवता.

मधोमध बाबांची करडी गाडी उभी होती. चारही दारं उघडी, पंख पसरून ऊन खाणाऱ्या कोंबडीसारखी.

"ही एवढी भिंतीजवळ कुणी लावली?" आत येताच आई म्हणाली.

"मी," धाकटा म्हणाला. "काल रात्री. हातभर जागा आहे की."

"यांनी नसती लावली."

हे खरं होतं. बाबा भिंतीपासून चांगली दोन माणसं आडवी झोपतील एवढी जागा सोडून गाडी थांबवत. शेजारच्या सीटवरून आई म्हणायची, घ्या की अजून पुढे, आणि बाबा शांतपणे चावी काढत म्हणायचे, "तुला तिथून दिसतंय. इथून नाही दिसत." थोरलीने हा संवाद लहानपणापासून मागच्या सीटवर बसून इतक्या वेळा ऐकला होता, की गाडी थांबण्याचा आवाज म्हणजे तोच, असं तिला वाटायचं.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. गाडी तेवढा काळ घरासमोर झाकून उभी होती. अधूनमधून धाकटा ती चालू करायचा, जरा घरघरू द्यायचा आणि पुन्हा झाकायचा. मग परवा जेवताजेवता आईनेच सांगितलं, गाडीचं आतलं काम करून घ्या, यांनी जन्मभर पुढच्या महिन्यावर ढकललं. बाबांनी आणि काकांनी मिळून गावभरच्या गाड्या आतून नटवल्या होत्या. सीटा, दारं, छताची कापडं, सगळं. स्वतःच्या गाडीला मात्र कंपनीतून आलेलं कापड शेवटपर्यंत. दिव्याखाली अंधार, असं काका चिडवायचे, आणि बाबा म्हणायचे, "दिवा विझला की बघू."

आता ते बघायचं होतं.

बॉनेटवर धाकट्याने नमुन्यांचे तुकडे मांडले होते. त्याने उलथापालथ करून शेवटी एक तपकिरी तुकडा वर ठेवला. "हे लेदर. त्यावर चौकड्यांची शिलाई, दारांनाही तीच. डॅशबोर्डखाली दिव्यांची बारीक पट्टी. हल्ली सगळे हेच मागतात."

"दिव्यांची पट्टी," काका म्हणाले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कापायची कात्री बाबांपेक्षाही जास्त वर्षं हातात धरलेले. "म्हणजे रात्री गाडी लांबून पानाचं दुकान दिसेल."

"काका, जग कुठे गेलं."

"जग जाऊ दे. आपल्याला बाजारात जायचंय."

सुनेने चहा ओतता ओतता फिकट साय रंगाचा एक तुकडा पुढे सरकवला. "मला विचाराल तर आतून उजेड हवा. गाडी आधीच करडी. आत तपकिरी केलं की गुहा."

"आणि मळलं की?" धाकटा म्हणाला. "आईला विचार. आई म्हणेल मळखाऊ काहीतरी घ्या. आपल्या घरातले पडदे बघ, चादरी बघ. आजवर एक गोष्ट मळखाऊ सोडून आलेली नाही."

आई कापायच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत होती. ती नुसती हसली. ती वरच्या फळीकडे बघत होती. तिथे कापडाचे तागे रचलेले होते, आणि सगळ्यांत वर तो मोहरीच्या रंगाचा तागा, बाबांनी कधीतरी हौसेने आणलेला. तो कुणा गिऱ्हाईकाने पसंत केला नव्हता. बाबांनीही तो कधी कुणाच्या गळ्यात मारला नव्हता.

"ताई, तू बोल," धाकटा म्हणाला. "तू इतक्या लांबून आलीस ते चहाला नाही."

थोरलीने पिशवी खाली ठेवली. गाडीत येताना तिने हे वाक्य बऱ्याचदा जुळवलं होतं. शहरातल्या ग्रंथालयात तिचं काम जुनी पुस्तकं दुरुस्तीला पाठवण्याचं होतं. पान फाटलं तर जोडायचं, पण बांधणी होता होईल तो मूळची ठेवायची, हे ती दुसऱ्यांना रोज सांगायची.

"सगळं करा," ती म्हणाली. "लेदर करा, दिवे लावा, काय वाटेल ते. फक्त बाबांची सीट आहे तशी राहू द्या."

चालकाच्या सीटवर बाबांच्या बसण्याचा खळगा होता. झाकणाखालून गाडी बाहेर काढली तरी तो तसाच होता, एका बाजूला जरा जास्त खोल, कारण बाबांचा एक खुबा दुखायचा आणि ते दुसऱ्यावर भार देऊन बसायचे. बाबांचे कपडे वाटून झाले होते, चष्मा कुठल्याशा दवाखान्यात दिला होता. बाबांचा आकार धरून राहिलेली तेवढी एकच जागा होती.

"ताई, मला कळतंय," धाकटा सावकाश म्हणाला. "पण तीन सीटा नव्या आणि एक जुनी? नव्या कवळीत एक मूळचा दात ठेवल्यासारखं दिसेल ते."

"असू दे," काका मध्येच म्हणाले. "मूळचा दात आहे, कवळीपेक्षा बरा. मी थोरलीच्या बाजूने."

"तुम्ही कायम तिच्याच बाजूने."

"ती लहानपणी माझ्याकडे शिवण शिकली. तू शिकलास ती मशीनवर, मशीनच्याच बाजूने जा."

सून हसली आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "सोडा आता. ताईंचं मन आहे तर राहू दे." पण हे बोलताना तिने सासूकडे पाहिलं, आणि सासूने मान किंचित हलवली. थोरलीला ते दिसलं. त्या दोघींमध्ये काहीतरी शिजत होतं, आणि ते आजचं नव्हतं.

आईने कप खाली ठेवला.

"तुम्ही सगळे कारागिराच्या घरचे," ती म्हणाली. "मघापासून रंग बोलताय, शिलाई बोलताय, दिवे बोलताय. दारातून गिऱ्हाईक आलं की हे पहिलं काय विचारायचे?"

काकांनी कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, बाबा नमुने दाखवण्याआधी एकच प्रश्न विचारायचे. रंग नंतर. आधी सांगा, बसणार कोण? त्या माणसाला ते बसवून बघायचे, पाठ बघायचे, गुडघे बघायचे, आणि मगच नमुने काढायचे. काकांनी हा प्रश्न भिंतीपलीकडून जन्मभर ऐकला होता. आज घरच्या गाडीसमोर उभं राहून तो त्यांच्या, धाकट्याच्या, कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. ती सीट कुणाची ते ठरलेलंच होतं ना.

"बसणार कोण?" आईने विचारलं.

"मी चालवेन की," धाकटा म्हणाला. "तुला कुठे जायचं असेल तर."

"स्वतःची गाडी चालवायला तुला वेळ पुरत नाही, तू ही कधी चालवणार? गिऱ्हाईक मी आहे. बसणार मी."

"शेजारी?"

"शेजारी बसून माझं आयुष्य गेलं. चालवायला बसणार."

धाकट्याने आधी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको थर्मासचं झाकण फारच काळजीपूर्वक लावत होती.

"तुला माहीत होतं."

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी फक्त शिकवलं."

"कधी?"

"सकाळी. गोदामामागच्या मैदानावर, माझ्या गाडीवर."

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही दोघी भाजी आणायला जात होता, ते..."

"भाजीपण आणत होतो," आई म्हणाली. "ताजी मिळायची. परवानाही आलाय. फोटो तेवढा वाईट आला."

काका मोठ्याने हसले. थोरली हसली नाही. तिला एकदम भावाची बाजू बरोबर वाटू लागली, आणि धाकट्यालाही ते जाणवलं असावं, कारण तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला. सकाळपासून पहिल्यांदाच ते दोघे एका बाजूला होते.

"आई, या वयात?" थोरली म्हणाली. "रस्त्यावर लोक कसे चालवतात तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच. वयाचं मला सांगू नकोस. तू सुट्टी मिळाली की येतेस, हा त्याच्या कामात. मला जरा कुठे जायचं म्हटलं तर चार फोन करायचे, मग कुणीतरी म्हणणार, आई, संध्याकाळी चालेल का. मला संध्याकाळी नाही चालत. मला निघावंसं वाटतं तेव्हा निघायचंय."

"पण तुला सवय नाही," धाकटा म्हणाला.

"सवय? भावोजी, त्या बाजूचं पायपुसणं काढा जरा."

काकांनी शेजारच्या सीटखालचं पायपुसणं ओढून काढलं आणि उजेडात धरलं. सगळं धडधाकट होतं. फक्त एका ठिकाणी, बरोबर जिथे त्या सीटवर बसणाऱ्याचा पाय येतो तिथे, विरून विरून पार चाळणी झालेली.

"ब्रेक," काका म्हणाले. "वहिनी इथून ब्रेक मारायच्या."

"पहिल्या दिवसापासून," आई म्हणाली. "ते तिथून मारायचे, मी इथून. मी जरा आधी."

आता थोरलीलाही हसू आलं, आणि ते आवरताना तिला दुसरंच काही आवरावं लागलं.

"बस बघू," काका म्हणाले. "म्हणजे बसा, वहिनी. गिऱ्हाईकाला आधी बसवायचं."

आई चालकाच्या सीटवर बसली आणि खळग्यात नाहीशी झाली. बाहेरून तिचे डोळे आणि कपाळ तेवढं दिसत होतं. तिने स्टीअरिंग धरलं तर हात डोक्याच्या वर गेल्यासारखे वाटले. एका बाजूला झुकून ती कुणाशी तरी गुपित बोलत असल्यासारखी दिसत होती.

"काय दिसतंय?" सुनेने विचारलं.

"आकाश," आई म्हणाली. "म्हणजे पत्रे."

तिने स्टीअरिंग सोडलं. हात मांडीवर घेतले. मग बाहेर न बघताच म्हणाली, "थोरले, तुला नको असेल तर राहू दे. मी उशी घेईन."

"उशी चालत नाही," काका म्हणाले. "ब्रेक मारला की उशी सरकते, माणूस सरकतो. भावाच्या कारखान्यातून निघालेली गाडी आणि आत उशी? लोक आम्हाला काय म्हणतील?" मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मी तुझ्या बाजूने होतो. पण सीट बसणाऱ्याची असते, बाळ. हे मी नाही म्हणत."

आई उतरली. थोरली तिच्या जागी जाऊन बसली.

तिला वाटलं होतं, काहीतरी होईल. झालं एवढंच की तिचा खुबा भलत्या ठिकाणी रुतला आणि पाठ वाकडी झाली. खळगा बाबांचा होता, पण तो फक्त बाबांनाच बसत होता. दुसऱ्या कुणाला त्यात बसता येत नव्हतं, तिलाही नाही. समोरच्या काचेतून भिंत दिसत होती. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं, आणि बाबांच्या जागेवरून ते विचित्र दिसत होतं, कारण बाबांना ती जागा कधी रिकामी दिसलीच नसेल.

ती बाहेर आली. "काका, आकडी कुठे आहे?"

टाके उसवायची छोटी आकडी काकांच्या खिशातच असायची. पण ती तिच्या हातात देताना ते थबकले. कारखान्याची दुसरी एक रीत होती. जुन्या कव्हराचा पहिला टाका कारागिराने नाही, गिऱ्हाईकाने उसवायचा. मागाहून कुणी म्हणायला नको, माझी चांगली सीट तुम्ही फाडली.

"द्या इकडे," आई म्हणाली. "रीत म्हणजे रीत. पण मला चष्म्यातूनही टाका दिसत नाही. थोरले, तू दाखव."

काकांनी आणि धाकट्याने सीट सोडवून कापायच्या टेबलावर आणली. थोरलीने कव्हराची कड पालथी करून शिवणीवर बोट ठेवलं. बोट पुढे सरकवताना ते मध्येच अडखळलं. करड्या दोऱ्याच्या सलग शिवणीत वीतभर तुकडा हाताने शिवलेला होता, आणि तोही निळ्या दोऱ्याने. टाके लांबट, एक इकडे एक तिकडे.

"हे काय?" ती म्हणाली.

काका वाकले, चष्मा वर केला, खाली केला. "हे त्याचं काम," ते म्हणाले. "कधी उसवलं असेल, बसल्या जागी शिवलं असेल. बघ, बघ. दोऱ्याची छटा चुकली म्हणून याने मला एकदा पूर्ण सोफा उसवायला लावला होता. आणि स्वतःला? निळा! गिऱ्हाईकाला असं दिलं असतं तर..."

"दिव्याखाली," सून म्हणाली.

"अंधार," काका आणि आई एकदम म्हणाले.

आईने आकडी त्या निळ्या टाक्याखाली घातली. थोरलीने तिचं मनगट धरलं, वळवलं, आणि टाका सुटला. त्यानंतर मायलेकींनी उरलेली शिवण आळीपाळीने उसवली. धाकट्याला वाटलं होतं, ती आपल्यालाच उसवावी लागेल. तो शेजारी उभा राहून कव्हर ताणून धरत होता.

"या निळ्या टाक्यांजवळच्या कापडाचा गोट करता येईल का?" थोरलीने हळूच विचारलं. "नव्या कव्हराच्या कडेला, बारीक."

काकांनी कापड दोन बोटांत धरून उजेडापुढे नेलं आणि जरासं ताणलं. ते लगेच विरलं. "सहा महिन्यांत फाटेल," ते म्हणाले. "मग वहिनी मला बोल लावतील. नको."

ती हो म्हणाली. तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. निळ्या दोऱ्याचा तुकडा तिने बोटाला गुंडाळला आणि तो कुणी मागितला नाही.

कव्हर निघालं तसा आतला फोम उघडा पडला, पिवळा, कडांना भुरभुरणारा. खळगा त्यात स्पष्ट होता. काकांनी तो फोम टेबलाच्या टोकाला ठेवला आणि नव्या फोमवर खडूने रेघा मारू लागले. आईला उभी करून त्यांनी तिचा गुडघा मोजला, पाठ मोजली. खाली घट्ट थर, वर मऊ थर. "लेदर नको," आई म्हणाली, "घसरायला होतं. बसायच्या जागी कापड हवं. आणि चौकड्या नकोत, रुततात." धाकट्याने तपकिरी तुकडा मुकाट बाजूला ठेवला. "कडांना तरी लेदर?" तो म्हणाला. "कडांना कर," आई म्हणाली, "दिव्यांची पट्टीही लाव. किल्ली खाली पडली की सापडत नाही." धाकट्याचा चेहरा उजळला, काकांनी नाक मुरडलं, पण वाद घातला नाही.

दुसरा चहा झाल्यावर थोरलीची नजर टेबलाच्या टोकाकडे गेली. जुन्या फोममधला खळगा आता तेवढा खोल राहिला नव्हता.

"वर येतोय," ती म्हणाली.

"येणारच," काका खडू न थांबवता म्हणाले. "कव्हराने आवळून धरला होता. सुटला की श्वास घेतो. पूर्ण नाही येणार, जुना झालाय. पण येईल बराचसा."

ती त्याच्यावर तळहात ठेवून उभी राहिली. तो वर येताना हाताला काही कळत नव्हतं. तिने हात काढून घेतला, कारण काका फोमच्या कापलेल्या कडा झाडायला कुणीतरी हवं म्हणत होते.

दुपारी सीट परत बसली, अजून कव्हराशिवाय, नव्या फोमवर नुसती जुनी चादर बांधलेली. "बघायचं तर चालवून बघायचं," सून म्हणाली. "रस्ता रिकामाच आहे." गाडी बाहेर काढायची म्हणून काकांनी शटर पूर्ण वर केलं. सुट्टीच्या दिवशी हे पहिल्यांदाच होत होतं, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं, कारण वर करून झाल्यावर त्यांनी हात झटकत उगाचच इकडेतिकडे पाहिलं.

आई बसली. आता ती सगळी दिसत होती, खांद्यांपर्यंत. काकांनी पायपुसणं परत जागेवर टाकलं, आणि थोरली शेजारी बसली. गाडी मागे गेली, जरा हिसका देऊन थांबली, मग वळली. बंद दुकानांसमोरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून ती परत आली. आईची नजर रस्त्यावर होती. तिच्या ओठांचा कोपरा आत ओढलेला होता, सुईत दोरा ओवताना असतो तसा. तिने थोरलीकडे एकदाही पाहिलं नाही, आणि थोरलीला ते आवडलं.

कारखान्यात शिरताना समोरची भिंत एकदम अंगावर आल्यासारखी वाटली. थोरलीचा पाय आपोआप खाली दाबला गेला, आणि बुटाच्या तळव्याला ती विरलेली जागा लागली. तिथे पाय अगदी नेमका बसत होता.

गाडी थांबली. भिंत अजून चांगली लांब होती.

धाकटा भिंतीजवळ उभा राहून दोन्ही हातांनी बोलावत होता. "ये, ये आई, अजून ये. दोन माणसं झोपतील एवढी जागा आहे."

आईने चावी काढली. "तुला तिथून दिसतंय," ती म्हणाली. "इथून नाही दिसत."

धाकट्याचे हात हवेतच राहिले. काकांनी खडू कानामागे अडकवला. आई काचेतून भिंतीकडे बघत होती, आणि मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. ती थोरलीकडे वळली.

"अगं, खरंच नाही दिसत," ती म्हणाली. "मला वाटायचं, उगाच म्हणतात."

थोरलीने मान हलवली. काका पुढे आले आणि खिडकीवर कोपरं टेकवून वाकले, बाबा गिऱ्हाईकापुढे वाकायचे तसे.

"हं," ते म्हणाले. "बसणारा ठरला. आता रंग बोला, वहिनी."

आईने टेबलावरच्या तुकड्यांकडे पाहिलंही नाही. "वरचा तो तागा काढा," ती म्हणाली. "मोहरीचा."

"तो?" धाकटा म्हणाला. "आई, तो मळेल."

"मळू दे," आई म्हणाली.